बादलीतला तुकडा

आरोपपत्र सात ओळींचं होतं आणि इंग्रजीत होतं. १३ जून १९८३ ला, सोमवारी, पाळी सुटताना गेटवर ते ॲन्सेल्म तुस्कानोच्या हातात देण्यात आलं. सही आधी घेतली, कागद नंतर दिला. संध्याकाळी गिरीज गावातल्या घरी त्याची मुलगी रिटा शाळेतून आली, तेव्हा तिनं ते वाचून मराठीत सांगितलं.

"दिनांक दोन एप्रिल रोजी दुपारी बारा वाजता चर्चची घंटा ऐकून तुम्ही प्रार्थनेसाठी भट्टी सोडून गेलात. तुमच्या गैरहजेरीत कॉइल वेळेवर पाण्यात विझवली गेली नाही. त्यामुळे तिची आम्लात टिकून राहायची ताकद गेली. अठ्ठावीस मे रोजी तारापूरच्या कारखान्यात ती कॉइल फुटून एक कामगार गंभीर भाजला. तुम्हाला कामावरून का काढू नये, याचा खुलासा खातेचौकशीत करावा."

ॲन्सेल्म एक्कावन्न वर्षांचा होता. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, गोखिवऱ्याच्या रस्त्यावर, दुसऱ्यांनी बनवलेले धातूचे भाग तापवून, ठरल्या रीतीनं थंड करून परत देणारा एक कारखाना होता. तिथल्या मोठ्या भट्टीवर तो बारा वर्षं होता. बारा वर्षांत त्याला एकही लेखी ताकीद नव्हती.

"तारीख परत वाच," त्याची बायको फ्लॉसी म्हणाली. ती ओट्यावर मिरच्या निवडत होती.

"दोन एप्रिल."

"वार कोणता?"

रिटानं भिंतीवरचं पॅरिशचं कॅलेंडर काढून मागची पानं चाळली. शनिवार. आकड्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : पवित्र शनिवार.

फ्लॉसीनं मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि ती हसायलाच लागली. "घंटा! पवित्र शनिवारी! येशू अजून कबरेत, आणि ह्यांच्या मॅनेजरला बारा वाजता घंटा ऐकू आली. पोपला पत्र घाला कोणीतरी!"

वसईतल्या कुठल्याही ख्रिस्ती घरात हे पोराबाळांना ठाऊक असतं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी उपासना, झाली की घंटा बंद होतात. त्या वाजतात थेट शनिवारी रात्री, पुनरुत्थानाच्या मिस्सेत. मधल्या दोन दिवसांत माणसं बोलवायची तर लाकडी खटखट्या वाजवतात, आणि बाराची घंटा तर नाहीच. मॅनेजर बोरिवलीहून येई. रोज बाराला माणिकपूरच्या चर्चची घंटा ऐकू आली की ॲन्सेल्म टोपी काढून जागेवरच अर्धा मिनिट उभा राहतो, हे त्यानं पाहिलं होतं. त्यावरून त्यानं उरलेलं रचलं.

"सुटलात तुम्ही," फ्लॉसी म्हणाली. "एवढं एकच सांगायचं. बस."

ॲन्सेल्म हसला नाही. त्या शनिवारी बारा वाजता काय झालं होतं, ते त्याला माहीत होतं.

ते असं. कॉइल म्हणजे आम्लाच्या टाकीत बसवायची, वेटोळ्यासारखी वळवलेली जाड नळी. ती निकेलच्या मिश्रधातूची होती. निकेलमध्ये मॉलिब्डेनम आणि क्रोमियम घातलेलं असतं, म्हणून तो धातू उकळत्या आम्लातही वर्षानुवर्षं टिकतो. पण नळी वाकवताना आणि जोडताना धातू तापतो, त्याची आतली घडी विस्कटते. ती पुन्हा बसवण्यासाठी कॉइल अकराशे वीस अंशांवर नेऊन ठेवायची आणि तशीच, लालपिवळी असतानाच, झटकन पाण्यात बुडवायची. इथे झटकन याला अर्थ आहे. बॅप्टिस्ट नावाच्या जुन्या फोरमननं ॲन्सेल्मला ते खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, भातशेतीवरून शिकवलं होतं.

"धातू म्हणजे खाजणातले तुकडे समज," बॅप्टिस्ट सांगायचा. "तुकड्यातुकड्यांमध्ये बांध. कॉइल नऊशेच्या आसपास रेंगाळली, की मॉलिब्डेनम, क्रोमियम शेत सोडून बांधावर जाऊन ढीग करून बसतात. बांधालगतची पट्टी कंगाल होते. मग खाडीचं पाणी कुठून शिरणार? त्या पट्टीतून. शेत जागेवर, वरून हिरवंगार, आणि बांध आतून पोखरलेला. तसंच आम्ल शिरतं. कॉइल बाहेरून नवीकोरी दिसते. हातोडी मारून बघ. चांगली कॉइल वाजते. पोखरलेली वाजत नाही."

बॅप्टिस्टच्या वेळी पाण्याचं टाकं भट्टीच्या तोंडाशी होतं. दरवाजा वर सरकला की चेनपुलीला टांगलेली कॉइल वीस सेकंदांत पाण्यात जायची. तिच्याबरोबर त्याच धातूचा हाताएवढा एक तुकडा बांधलेला असायचा. त्याचे नंतर दोन भाग करायचे. एक प्रयोगशाळेत जाई. तिथे तो आम्लात चोवीस तास उकळत आणि वजन किती घटलं ते पाहत. दुसरा कारखान्याच्या कपाटात राही. तुकडा पास झाला की कॉइल पास. तुकडा आणि कॉइल दोघांनी एकच आग आणि एकच पाणी पाहिलेलं असे, म्हणून ते प्रमाणपत्र खरं असे.

बॅप्टिस्ट निवृत्त झाला. ८३ च्या जानेवारीत मॅनेजरसाठी भट्टीशेजारी काचेची केबिन बांधली. टाक्यात कॉइल पडली की वाफेचा लोट उठायचा आणि काचांवर बसायचा. फाइलींना बुरशी येईल, असं मॅनेजर म्हणाला. टाकं उचलून अंगणापलीकडे कुंपणाच्या भिंतीला नेऊन ठेवलं. अंतर बेचाळीस फूट. ॲन्सेल्मनं ते टेपनं मोजलं होतं.

अकराशे वीस अंशांची कॉइल हातगाडीवरून बेचाळीस फूट नेणं म्हणजे काय, हे पहिल्याच दिवशी कळलं. गाडीच्या चाकांचं रबर वितळलं आणि चेनपुली ओढणाऱ्या काशीरामच्या बाहीनं पेट घेतला. तेव्हा मॅनेजरनं सांगितलं, "घाई कशाला करता? भट्टी बंद करा. नऊशेपर्यंत खाली येऊ दे, मग दार उघडा."

नऊशेपर्यंत यायला चाळीस मिनिटं लागायची. ॲन्सेल्मनं दोनदा हरकत घेतली. दुसऱ्यांदा मॅनेजर म्हणाला, "तुस्कानो, तुम्ही सातवी पास. मी डिप्लोमा केलाय." पहिल्या कॉइलचा तुकडा प्रयोगशाळेतून नापास होऊन आला. मर्यादेच्या सहापट वजन घटलं होतं. टाकं परत आणायच्या ऐवजी मॅनेजरनं एक बादली आणवली. नवा तुकडा तारेला बांधून भट्टीच्या झरोक्यातून आत सोडायचा, अकराशे वीसला बाहेर ओढायचा आणि जागच्या जागी बादलीत बुडवायचा. कॉइल आत बसून सावकाश निवेना का! तुकडा पास झाला. पुढचे तीनही पास झाले.

ती तार ओढणारा हात ॲन्सेल्मचा होता. तो गप्प बसला. ही गोष्ट त्याच्या बाजूची नाही, पण घडली ती अशी.

चार कॉइली अशा गेल्या. चारही एकाच गिऱ्हाइकाच्या, एकाच शेडमध्ये बसवलेल्या. दोन एप्रिलची फुटली. गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरनं तिचा तापमानाचा तक्ता मागवला, म्हणजे भट्टीच्या पेननं काढलेला रेषेचा गोल कागद. त्यात बारा ते बारा-चाळीस रेषा सावकाश खाली घसरलेली स्पष्ट दिसत होती. इंजिनिअरनं कारण विचारलं. मॅनेजरकडे चाळीस मिनिटांचं कारण तयार नव्हतं. बारा वाजता सुरू होणारी एक घंटा तेवढी त्याला माहीत होती.

*

रविवारी, १९ तारखेला, ॲन्सेल्म काशीरामला घेऊन पालघरच्या दवाखान्यात गेला. काशीराम खाडीकाठच्या मिठागराच्या गावचा. बारा वर्षं दोघं एका भट्टीवर. स्टेशनवर उतरल्यावर एवढंच म्हणाला, "माजं नाव कुठं घेऊ नको हां. मला तीन पोरी हायत."

"तुझं नाव मी कशाला घेऊ? तू साखळी ओढलीस. काय ओढायचं ते मी ठरवलं."

भाजलेल्या माणसाचं नाव नथू. उजवा पाय गुडघ्याखाली आणि एक हात पट्ट्यांत होता. डॉक्टर पाय वाचेल म्हणत होते, किती वाचेल ते सांगत नव्हते. बायको बायजा खाटेच्या पायथ्याशी डबा घेऊन बसली होती.

"कोन तुमी?"

"वसईहून आलो. ती कॉइल आमच्या भट्टीतली."

बायजानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बारीक क्रूस होता, त्यावर तिची नजर थांबली. "मग तुमीच का ते? घंटा वाजली म्हनून भट्टी सोडून गेलेले?"

ॲन्सेल्मनं मान खाली घातली. काशीरामनंच विचारलं, "तुमाला कोनी सांगितलं हे?"

"तुमचे सायेब आलते ना. सफरचंदं घेऊन. म्हनाले, मानूस वाईट नाय, धार्मिक हाय, चुकला, मनात धरू नका." ती ॲन्सेल्मकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "माजा तुमच्या देवावर राग नाय. पन देवाला जरा थांब म्हनता आलं नसतं? कॉइल पान्यात टाकून मग गेला असतात. देव काय पळून जात व्हता?"

अपमान आयुष्यात ॲन्सेल्मनं पुष्कळ गिळले होते. हा त्याच्या एकट्याचा नव्हता. ज्या अर्ध्या मिनिटात तो दिवसातून एकदा टोपी काढत असे, ते अर्धं मिनिट कोणीतरी नेऊन ह्या बाईच्या नवऱ्याच्या पायावर ठेवलं होतं, आणि वर सफरचंदं.

"बाकीच्या तीन टाक्या?" त्यानं नथूला विचारलं. "बंद आहेत ना?"

"बंद कशाला?" नथू हळू बोलत होता. "तेंची काय चूक? सायेब म्हनाले, ही एकच बिघडलेली, त्या मानसानं घोळ घातला म्हनून. शेजारच्या टाकीवर सोनू हाय. हिचा भाव."

"कधी हातोडीनं ठोकून बघता?"

"चालू टाकीला कोन ठोकतो, बाबा?"

बाहेर आल्यावर काशीराम उसळला. "सांगायचं ना तिला! घंटा वाजलीच नाय म्हनून! उगीच खाली मुंडी घालून उभा."

"सांगितलं असतं. मग ती विचारते, घंटा नव्हती तर मग काय होतं? काय सांगू? बादली?"

स्टेशन दिसायला लागल्यावर काशीराम म्हणाला, "तुजा देव घंटेशिवाय पन लई अडचनीत आनतो."

*

चौकशी २७ जूनला त्याच काचेच्या केबिनमध्ये झाली. चौकशी अधिकारी म्हणून कंपनीनं माणिकपूरचे वकील वॉल्टर परेरा यांना नेमलं होतं. शेजारी मॅनेजर. तारापूरचे इंजिनिअर साक्षीदार म्हणून आले होते. फुटलेल्या कॉइलचा वीतभर कापलेला तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला होता, आणि तो चकचकीत होता. ॲन्सेल्मबरोबर एक सहकारी बसू शकत होता. काशीराम नको नको म्हणत आला आणि दाराजवळच्या स्टुलावर टेकला.

"तुस्कानो, आरोप मान्य आहे?" वॉल्टरनं विचारलं.

"कोणता?"

"वाचलाय ना? बारा वाजता घंटा ऐकून तुम्ही भट्टी सोडून गेलात."

"वकीलसाहेब, तुम्ही माणिकपूरला चर्चच्या मागेच राहता. त्या दिवशी बारा वाजता घंटा ऐकलीत तुम्ही?"

"प्रश्न मी विचारायचे असतात."

"विचारा की. पण आधी तारीख बघा."

वॉल्टरनं तारीख पाहिली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग पेनाला टोपण लावलं आणि मॅनेजरकडे न बघता म्हणाला, "हं."

"हं काय?" मॅनेजर म्हणाला.

"तो पवित्र शनिवार होता. घंटा वाजली नाही."

"रोज वाजते ती."

"त्या दिवशी वाजत नाही."

"कोण म्हणतं?"

"रोम," वॉल्टर म्हणाला. हा कागद पंधरा दिवस त्याच्या टेबलावर होता. त्याला हे आधी दिसलं नव्हतं की दिसूनही त्यानं पान उलटलं होतं, ते त्यानं सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

काशीराम स्टुलावर खूश होऊन हलला. इथे संपलं, असं त्याला वाटलं. मॅनेजरनं मात्र आरोपपत्र पुढे ओढलं आणि पेन्सिल घेतली. "ठीक आहे. 'घंटा ऐकून' एवढं खोडू. प्रार्थना काय, घंटेशिवायही करता येते."

"साहेब—" वॉल्टर म्हणाला.

"बरं, प्रार्थना पण नको. उगीच धर्माचा प्रश्न होईल. 'जेवायला गेले' लिहा. बारा म्हणजे जेवायचीच वेळ."

"डबाच नव्हता आनला त्यानं," काशीराम मोठ्यानं बोलला आणि आपणच दचकला. "उपास व्हता त्याचा. भट्टीसमोरच बसला व्हता. मी शेजारी व्हतो."

"मग 'झोपले' लिहा!" मॅनेजर ओरडला. "चाळीस मिनिटं कॉइल आत राहिली की नाही राहिली? तक्ता खोटं बोलतो का?"

"तक्ता खरंच बोलतो," ॲन्सेल्म म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "साहेब, मघापासून तुम्ही माझ्यासाठी चूक निवडताय. घंटा, प्रार्थना, डबा, झोप. निवडू नका. माझी चूक आहे ती मी सांगतो. आधी चारही तक्ते टेबलावर ठेवा."

"चार?" इंजिनिअर पुढे सरकले. "आमच्याकडे एकच आलाय."

"ते कंपनीचे अंतर्गत कागद आहेत," मॅनेजर म्हणाला.

"चौकशी पण अंतर्गतच आहे," वॉल्टर म्हणाला. टोपण लावलेलं पेन त्यानं पुन्हा उघडलं होतं. "फाइल कुठे आहे?"

फाइल मॅनेजरच्या पाठीमागच्या कपाटात होती. बुरशी येऊ नये म्हणून ज्या फाइलींसाठी टाकं हलवलं होतं, त्यांतलीच ती. चारही तक्ते कोरडे आणि स्वच्छ निघाले. इंजिनिअरनं ते ओळीनं मांडले. एक सकाळी साडेनऊचा. एक दुपारी चार-दहाचा. एक दोन-वीसचा. एक बाराचा. चारही कागदांवर रेषा अकराशे वीसवरून नऊशेवर उतरत होती, आणि त्याला लागलेली मिनिटं होती एकोणचाळीस, एक्केचाळीस, अडतीस, चाळीस.

"चारही वेळा मी प्रार्थनेला गेलो होतो का?" ॲन्सेल्मनं विचारलं. "चार-दहाला कुठल्या देवाची घंटा असते?"

इंजिनिअर म्हणाले, "पण चाचणीचे तुकडे तर पास आहेत. चारही प्रमाणपत्रं आहेत माझ्याकडे."

"कपाटात खालच्या कप्प्यात डबा आहे. बाराच्या कॉइलबरोबरचा अर्धा तुकडा द्या."

तो मिळाला. ॲन्सेल्मनं खिशातून छोटी हातोडी काढली. तुकडा दोऱ्याला टांगून धरला आणि हलकेच ठोकला. टण्ण. आवाज काचेच्या केबिनमध्ये घुमत राहिला. मग त्यानं इंजिनिअरनं आणलेला, तेवढाच चकचकीत कॉइलचा तुकडा तसाच टांगला आणि ठोकला. ओल्या लाकडावर मारावं तसा थप्प आवाज आला आणि तिथेच मेला. हातोडी लागली तिथून वाळूसारखे बारीक कण टेबलावर पडले.

"एकच धातू," ॲन्सेल्म म्हणाला. "एकच भट्टी. हा अकराशे वीसला निघून बादलीत गेला. ही चाळीस मिनिटं आत निवत बसली. तुमची प्रमाणपत्रं या तुकड्याची आहेत, साहेब. कॉइलचं एकही नाही."

त्यानं टाकं, बेचाळीस फूट, काशीरामची बाही, नापास तुकडा आणि बादली, सगळं क्रमानं सांगितलं. वॉल्टर लिहीत होता. मॅनेजर शांतपणे ऐकत होता. इतका वेळ त्याला जे सापडत नव्हतं, ते आता सापडलं होतं.

"तुकडा बादलीत कोणी बुडवला, तुस्कानो?"

"मी."

"चारही वेळा?"

"चारही वेळा."

"माझा लेखी हुकूम आहे?"

"लेखी नाही. तुम्ही इथे उभं राहून सांगितलंत."

"वकीलसाहेब, लिहा. चाचणीच्या तुकड्यात फेरफार केल्याचं कामगारानं स्वतः कबूल केलं. बाकी सगळं त्याचं म्हणणं."

"बादली तुमीच आनवली!" काशीराम ओरडला. "गोदामातून मी उचलून आनली. माज्या हातानं!"

"तुझीही नोंद करू का?"

काशीरामनं ॲन्सेल्मकडे पाहिलं. मग म्हणाला, "करा."

इंजिनिअर आता ऐकत नव्हते. त्यांनी टेलिफोन स्वतःकडे ओढला. मॅनेजरनं रिसीव्हरवर हात ठेवला. "एवढं पूर्ण होऊ द्या. उगीच घबराट करून—"

"त्या तीन टाक्यांना टेकून माणसं उभी आहेत," इंजिनिअर म्हणाले. "हात काढा."

तारापूरचा ट्रंक कॉल होता. एक्स्चेंजनं अर्जंट नोंदवून घेतला आणि वाट बघायला सांगितलं. दहा मिनिटं गेली. वॉल्टरनं जबानीचे पाच कागद ॲन्सेल्मपुढे सरकवले. "वाचून दाखवलेत. खाली सही करा. कामकाज संपलं."

"कॉल लागू दे," ॲन्सेल्म म्हणाला.

"त्याचा याच्याशी संबंध नाही."

"आरोपपत्रावर माझी सही आधी घेतलीत, कागद नंतर दिलात. आज कॉल आधी, सही नंतर. माझ्या कबुलीशिवाय तुमची चौकशी पुरी होत नाही ना? मग बसा."

सगळे बसले. मॅनेजर घड्याळ बघत होता. एकदा तो म्हणाला, "नाटकं बघा." बारा वाजता पश्चिमेच्या वाऱ्यावरून माणिकपूरची घंटा ऐकू आली. ॲन्सेल्म उठून उभा राहिला. टोपी डोक्यावर नव्हतीच. वॉल्टरही अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

बारा-बावीसला कॉल लागला. लाइन खराब होती, इंजिनिअरना ओरडून बोलावं लागलं. "तिन्ही बंद! हो, आत्ता! आम्ल काढा. माणसं शेडबाहेर काढा. सोनू? कोण सोनू? अहो, सगळीच काढा!" सोनूचं नाव ॲन्सेल्मनं बाजूनं सांगितलं होतं.

मग त्यानं पाचही कागदांवर सही केली.

*

तीन कॉइली ठोकून पाहिल्या. एक वाजली. दोन वाजल्या नाहीत. त्यांतली एक सोनूच्या टाकीतली होती; तिला, माणूस उभा राहतो त्या बाजूला, केसाएवढी भेग पडलेली होती.

८ जुलैला ॲन्सेल्मला पत्र मिळालं. प्रार्थनेचा आरोप सिद्ध होत नाही. चाचणीच्या तुकड्याबाबतचं अप्रामाणिक वर्तन कबुलीनं सिद्ध होतं. सबब कामावरून कमी. काशीरामला ताकीद मिळाली. मॅनेजरवर कारवाई झाल्याची नोंद नाही, कारण ती झाली नाही. पत्राखाली सही त्याचीच होती.

"घंटेचं सांगून गप्प बसला असतात तर?" फ्लॉसीनं विचारलं. ती रागावलेली होती, पण कोणावर ते तिलाही सांगता आलं नसतं.

ॲन्सेल्मनं रिटाकडून एक पोस्टकार्ड लिहून घेतलं. पत्ता पालघरच्या दवाखान्याचा, नाव बायजाचं. 'त्या दिवशी घंटा वाजली नव्हती. मी भट्टीसमोरच होतो. कॉइल सावकाश निवतेय हे मला माहीत होतं आणि मी ते थांबवलं नाही. त्यासाठी जे बोलायचं ते मला बोला, देवाला नको. सोनूची टाकी बंद झाली आहे.' उत्तर आलं नाही. तो त्याची वाटही बघत नव्हता.

जुलैच्या शेवटच्या रविवारी काशीराम गिरीजला आला. केळीच्या पानात चार बोंबील बांधून आणले होते. ओट्यावर बसून चहा पिऊन झाला तरी तो मुद्द्यावर येईना.

"बोल की," ॲन्सेल्म म्हणाला.

"टाकं परत आनलं. भट्टीच्या तोंडाशी. व्हतं तिथंच."

"कधी?"

"मंगळवारी. त्या इंजिनिअरनं अट घातली म्हनं, नायतर काम नाय. चार मानसं लागली. सकाळी धरलं, जेवायच्या सुट्टीआधी बसवलं पन."

ॲन्सेल्मनं मनात हिशेब केला. अर्धा दिवस आणि चार माणसं. आणि त्याला जानेवारीपासून जुलै लागला.

"आनि केबिन?" काशीरामनंच विचारलं आणि स्वतःच सांगितलं. "तिथंच हाय. कॉइल पडली की वाफ बसते काचांवर. पुसायला एक मानूस ठेवलाय."